ओळखीच्या शब्दांची अडचण

उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी मराठी उतारा वाचताना अपरिचित शब्दापाशी थांबतो, विचारतो. ओळखीच्या शब्दापाशी मात्र फसतो. 'शिकस्त' म्हणजे उर्दूत पराभव, मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा. 'तालीम' म्हणजे उर्दूत शिक्षण, मराठीत आखाडा किंवा नाटकाचा सराव. 'त्यांनी शिकस्त केली' या वाक्याचा अर्थ त्यामुळे उलटाच लागतो. माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' (१९२५) मोलाचा. पण त्याची मांडणी अभ्यासकाच्या सोयीची आहे. पाठाखालचे शब्दार्थही बहुधा कठीण शब्दांपुरतेच असतात. तेव्हा अशा शब्दांचे दोन्ही अर्थ, वाक्यांसह, प्राध्यापकांनी पाठापूर्वीच फळ्यावर मांडावेत. अशा चुकीच्या उत्तरामागे दुसऱ्या भाषेचे ज्ञान असते, हेही गुण कापताना ध्यानात घ्यावे.