उत्तर न देणारा समुपदेशक

‘थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी’ या १९६५च्या चित्रपटात एकच स्त्री पाळीपाळीने तीन मानसोपचारतज्ज्ञांसमोर बसते: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. रॉजर्स यांच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. पुन्हा पुन्हा पाहावा असा तोच.

समोर तिशीतली घटस्फोटित आई. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिला विचारलंय, बाबांनंतर तुझे कुणा पुरुषाशी संबंध आले का? आई ‘नाही’ म्हणाली. ते खोटं तिला सलतंय. खरं सांगितलं तर लेकीच्या मनावर वाईट परिणाम होईल का, एवढं तिला तज्ज्ञाच्या तोंडून हवंय. रॉजर्स सांगत नाहीत. ती वेगवेगळ्या वाटांनी त्याच प्रश्नावर येते, शेवटी जरा चिडूनच म्हणते की तुम्ही मला अशीच घुसमटत ठेवणार. इथे दुसरा कुणी सल्ला देऊन मोकळा झाला असता. रॉजर्स किंचित हसतात. तुला घुसमटत ठेवायचं नाही, पण इतक्या खासगी गोष्टीचं उत्तर मी देऊच शकत नाही. तू ते शोधत असताना मदत मात्र नक्की करीन, अशा अर्थाचं बोलतात. नकार आहे, पण त्यात झिडकारणं नाही. बोलताना ते पुढे झुकलेले असतात, आणि तिची नजर त्यांच्यावरून हलत नाही.

ही सबुरी आली कुठून? शेतीच्या अभ्यासापासून सुरुवात करून, धर्मशिक्षणाला दोन वर्षं देऊन रॉजर्स मानसशास्त्राकडे वळले. पुढे रॉचेस्टरला बारा वर्षं त्यांनी मुलांसाठी काम केलं. तिथे एका हूड मुलाच्या आईला ते परोपरीने पटवत होते, की मूळ तुमच्या वागण्यात आहे. काही उपयोग होईना. दोघांनी नाद सोडला. दारापर्यंत गेलेली बाई वळली आणि विचारती झाली, इथे मोठ्यांनाही समुपदेशन मिळतं का? मग परत बसून तिने आपल्या संसाराची सगळी व्यथा ओतली. दुखणं कुठे आहे ते दुखणाऱ्यालाच ठाऊक, हा धडा रॉजर्स यांनी तिच्याकडून घेतला.

चित्रपटातल्या भेटीच्या अखेरीस ती घटस्फोटित स्त्री म्हणते, तुमच्यासारखे वडील हवे होते. तू मला छान मुलगी वाटतेस, असं रॉजर्स सहज म्हणून जातात. फ्रॉइडच्या वाटेने जाणारे यावर नाक मुरडतात: ही ओढ तपासायला हवी होती. आक्षेप पोकळ नाही. तरी मला ते उत्तरच योग्य वाटतं. त्या क्षणी विश्लेषण म्हणजे पळवाट ठरली असती.

आता कुणाकडे जायला आवडेल, असं चित्रपटाच्या शेवटी विचारल्यावर तिने नाव घेतलं पर्ल्स यांचं. पत्रं मात्र ती पुढे वर्षानुवर्षं रॉजर्स यांना लिहीत राहिली.