‘रानमेवा’ या शब्दाविषयीं थोडेसें

मराठी ललितलेखनांत ‘रानमेवा’ हा शब्द फार लाडका आहे. करवंदें, जांभळें, चारोळी, बिब्ब्याची गोडंबी यांचीं वर्णनें करतांना वाचकाच्या तोंडास पाणी सुटावें, एवढाच बहुतेक लेखकांचा हेतु दिसतो. शब्द गोड खरा. पण त्याच्या गोडव्याआड एक मोठी गोष्ट झांकली जाते, असें आम्हांस वाटतें. मेवा म्हटला कीं तो खाणाऱ्या माणसासाठींच आहे, असा समज होतो. रानांतील फळ हें आधीं झाडाचें बीज आहे, मग पशुपक्ष्यांचा आहार. आपला वांटा त्यानंतरचा.

कोल्हापूरकरांस याचा दाखला दूर शोधावयास नको. दाजीपूरचें रान १९५८ सालीं गव्यांसाठीं अभयारण्य झालें. या सह्याद्रीच्या पट्ट्यांत हिरडा होतो. कोल्हापुरी चपलेचें कातडें जुन्या रीतीनें कमावतांना बाभळीच्या सालीबरोबर हिरडाच लागतो. औषधांच्या बाजारांत मात्र बाळहिरड्यालाहि मागणी असते. बाळहिरडा म्हणजे बी धरण्यापूर्वींच खुडलेलें कोवळें फळ. एखादें झाड असें पुरतें ओरबाडलें, तर त्या वर्षीं त्यापासून रोप उगवणार नाहीं आणि पिकल्या फळाची वाट पाहणाऱ्या प्राण्यालाहि कांहीं मिळणार नाहीं. हानि येथेंच थांबत नाहीं. हरणें आवळे खातात आणि रवंथ करतांना त्यांच्या कठीण बिया बाहेर टाकतात. धनेश फळें गिळून त्यांचें बीज दूर नेतो. त्यांचा घास काढून घेणें म्हणजे रान लावणारे हातच तोडणें होय.

वनोपजावर ज्यांचें पोट आहे त्यांस आम्ही दोष देत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावरील त्यांचा हक्क मान्य केला आहे, आणि झाड टिकण्यांत त्यांचेंच हित आहे. आमचा आक्षेप आहे तो सहलीस जाऊन पिशव्या भरून आणणाऱ्या आपल्या पांढरपेशा हौसेवर, आणि तिला ‘निसर्गप्रेम’ असें नांव देणाऱ्या लेखणीवर. दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ १९५६ सालीं प्रसिद्ध झालें. झाडाकडे त्याच्या स्वतःच्या ऋतूंतून कसें पाहावें, हें त्या पुस्तकानें दाखविलें. तरीहि पुढील पुष्कळ लेखन टोपलीपाशींच घोटाळत राहिलें.

यापुढें जांभळीवर लिहिणारानें तिच्याखालीं येणाऱ्या अस्वलाला आणि शेंड्यावरच्या शेकरूलाहि चार ओळी द्याव्या. वाचकांनीं अभयारण्यांतलें कांहींच आणूं नये. इतरत्र परवानगी असेल तेथें पिकलेलें व खालीं पडलेलें तेवढेंच थोडें वेंचावें, फांदी मोडूं नये, वरचा भार तसाच ठेवावा. मुलांच्या हातीं टोपली देतांना एवढें सांगितलें, तर ‘रानमेवा’ हा शब्द आपण खुशाल वापरावा.