होडी कोणाची होती? : वर्षभरातल्या चार कादंबऱ्या

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत जे कादंबरीवाचन झाले, त्यात जुन्या काळावरच्या कादंबऱ्या अधिक आणि आजच्या काळावरच्या कमी होत्या. त्यांपैकी चार मनात राहिल्या. मी विद्यापीठातला अभ्यासक नाही. सातपाटीत राहून, मिळेल ते वाचून, टिपणे काढून जे सुचले ते मांडतो आहे. माझी कसोटी थोडी तिरकी आहे : कादंबरीत सैन्य खाडी ओलांडते, तेव्हा ती होडी कोणाची होती, हा प्रश्न लेखकाला पडला आहे का?

या कसोटीला कारण आमचा किनारा. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे हा पट्टाही त्यांच्या अमलात आला. जानेवारी १७३९मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी घेतली गेली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई आली. हे सारे पत्रांत, बखरींत आहे. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला आहे, उधाणाचे पाणी केव्हा चढेल, हे ज्या तांडेलाला ठाऊक होते तो मात्र कागदावर नाही. आणि गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरी बहुतेक वेळा कागदावरच्या माणसांच्याच मागे गेली. ‘स्वामी’ने (१९६२) माझ्या पिढीला वाचनाची गोडी लावली, ते ऋण मी मानतो. परंतु पन्नाशीनंतर ती पुन्हा वाचताना शनिवारवाड्याच्या आत बसून बाहेरचा पाऊस ऐकावा तसे वाटते. पाऊस ऐकू येतो, भिजत कोणी नाही.

नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ या बाबतीत अगदी वेगळी. मी ती तिसऱ्यांदा वाचली. अंताजी शूर नाही, थोर नाही. तो मधल्यामध्ये सापडलेला, जीव सांभाळून असणारा, चलाख माणूस आहे. बखरीचा थाट घेऊन तो अठराव्या शतकाची हकीकत सांगतो आणि सांगता सांगता त्या थाटाचीच फिरकी घेतो. बंगालवरच्या मराठ्यांच्या स्वाऱ्या या कादंबरीत येतात तेव्हा आपण प्रथमच लुटणाऱ्यांच्या बाजूला उभे असतो आणि ते अवघडलेपण लेखक कमी करू देत नाही. बंगालमध्ये लहान मुलांना झोपवताना ‘बर्गी’ येईल म्हणून भीती घालत. तो बर्गी म्हणजे आपण, हे मराठी वाचकाला हसत हसत सांगायला मोठे धाडस लागते. खरे यांचा स्वभावच तसा होता. ‘उद्या’ला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी स्वीकारला नाही. माझी तक्रार एकच : अंताजीला पुढचे फार कळते. कुठे कुठे त्याच्या तोंडून विसाव्या शतकातला वाचलेला माणूस बोलतो.

महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ आमच्याकडे अधिक वाचली जायला हवी, कारण ती गोव्यातल्या पोर्तुगीज अमलाची असली तरी तोच अंमल इथेही दोनशे वर्षे होता. तिला नायक नाही, गाव आहे. धर्मांतराच्या तडाख्यात ते गाव उभे फाटत जाते. कोणी देव पाठीशी बांधून निघतो, कोणी जमिनीसाठी मागे राहतो. सत्तेचा जुलूम सैल ठळक रंगवतात, परंतु बाटलेल्याला दार बंद करणारा आपला समाजही सोडत नाहीत. या विषयावर लिहिताना एका बाजूचे वकीलपत्र घेणे सोपे असते. मला त्यांची माणसे पटली ती त्यांच्या हिशेबांमुळे. श्रद्धेच्या क्षणीही बी-बियाणे, गोठा, लेकीचे लग्न ही चिंता सुटत नाही. वसई-पालघरच्या चर्चमधून आणि देवळांतून फिरताना मला आता तो हिशेब आठवतो. कोण निघून गेले आणि कोण राहिले, यावरून आजची वस्ती ठरलेली आहे.

रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’चे (२०१९) नाव काढताच गावातल्या दोघातिघांनी ‘हे आपल्या सातपाटीवर आहे काय?’ असे विचारले. नाही. खिलजीच्या काळापासून आजपर्यंत एका मराठा कुळाची सुमारे सातशे वर्षे या जाडजूड ग्रंथात आहेत. कुलवृत्तांत हा प्रकार वंश शुद्ध असल्याचा दाखला देण्यासाठी लिहिला जातो. पठारे तोच साचा उचलून उलट दाखवतात : कूळ म्हणजे सरमिसळ, आणि ती पुष्कळदा बायकांच्या हिमतीवर टिकलेली. कल्पना मोलाची आहे. पण मधली काही शे पाने मी रेटून वाचली हेही सांगितले पाहिजे. निवेदक पात्रांना थांबवून विवेचन करू लागतो तिथे गोष्ट बसकण मारते.

चौथी, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी, २०२३), सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत मोठी. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे सुटलेल्या म्हशीला आणायला परत जातो. म्हैस आता रानटी झाली आहे. एवढीच गोष्ट. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) विस्थापितांचा लढा, कचेऱ्या, पुनर्वसनाचे कागद मराठीत आणले. ते काम मोठे होते. खोत त्या कागदाच्या रकान्यात न बसणारे सांगतात. जमिनीला मोबदला मिळतो, घराला मिळतो. माणूस आणि जनावर यांच्यामधली ओळख तुटली, तिचा पंचनामा कोणता तलाठी करणार? म्हशीचे माणसाला न ओळखणे हा या कादंबरीतला खरा न्यायनिवाडा आहे. पन्हाळ्याच्या बाजूची बोली सुरुवातीला मला अडली, पण दहा पानांत कान तयार झाला.

‘रिंगाण’ मी दोनदा वाचली, यामागे इथली परिस्थिती आहे. तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाले. मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासून चालू आहे. शेतकऱ्याकडे निदान सातबारा असतो. समुद्राला सातबारा नाही. कोणी कव कुठे मारायची, कोणत्या भागात सरंगा कोणत्या महिन्यात येतो, हे पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आले. ते गेल्यावर गेले हेही सिद्ध करता येणार नाही. १४ ऑगस्ट १९४२च्या पालघर गोळीबारात पडलेल्या पाच हुतात्म्यांत आमच्या सातपाटीचे काशिनाथ पागधरे होते. त्यांचे नाव दगडावर कोरलेले आहे. ज्यांची नावे कोरली जात नाहीत त्यांच्या ज्ञानाला कादंबरीखेरीज दुसरी जागा मला दिसत नाही. केरळच्या किनाऱ्याला तकळींची ‘चेम्मीन’ १९५६मध्येच मिळाली. तीत मासेमारीपेक्षा प्रेमाचा शाप अधिक आहे, तरी भरतीचा वास आहे.

येत्या वर्षी वाचनाबरोबर एक काम हाती घेतले आहे. जुन्या तांडेलांकडून वाऱ्यांची, पाण्याची, जाळ्यांच्या भागांची मांगेली नावे एका वहीत उतरवतो आहे. भांगाच्या दिवसांत त्यांना वेळ असतो, तेव्हा ते बोलतात. ही टिपणे संशोधनासाठी आहेत, पण कोणा कादंबरीकाराला हवी असतील तर त्याने यावे, वही देईन. सोबत त्याला होडीतूनही नेतील.