सावतोबांच्या मळ्यातली मिरची

वाचकहो, संत सावता महाराजांचा मळ्याचा अभंग आपणा सर्वांना पाठ आहे. मळ्यातल्या भाजीपाल्यात, विहिरीत आणि मोटेतही त्यांना पांडुरंगच दिसला, हा त्याचा आशय. मुळा, कांदा, लसूण, कोथिंबीर यांच्या पंक्तीला तिथे मिरचीही येऊन बसली आहे. आज विचार करायचा आहे तो या मिरचीचा. तिच्यामुळे एक अडचण उभी राहते, आणि अडचणीकडे पाठ फिरवण्यापेक्षा तिच्याकडे नीट पाहिलेले बरे.

अडचण अशी. सावता महाराजांनी अरण येथे देह ठेवला तो शके 1217 मध्ये, म्हणजे इसवी सन 1295 साली, आषाढ वद्य चतुर्दशीला. मिरचीचे मूळ घर मात्र अमेरिका खंडात आहे. कोलंबस तिकडे पोचला 1492 साली. वास्को द गामा कालिकतला आला 1498 साली. पोर्तुगिजांनी गोवा घेतला 1510 साली, आणि त्यांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या देशात आली. सावतोबांनी देह ठेवल्यावर मिरचीचे रोप इथे यायला दोनशे वर्षांहून अधिक काळ जायचा होता.

यावर दोन घाईची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, अभंगच बनावट. दुसरा म्हणतो, संतांच्या मुखी मिरची आहे त्या अर्थी ती तेव्हा होतीच. पहिल्या उत्तरात श्रद्धा जाते, दुसऱ्यात सत्य जाते. वारकऱ्याला दोन्ही हवी आहेत.

तिसरे उत्तर जास्त विचाराचे वाटते: मूळ शब्द ‘मिरी’ असावा आणि पुढे त्याची ‘मिरची’ झाली असावी. शब्दांचे नाते खरेच आहे. संस्कृतात मिऱ्यांना ‘मरिच’ म्हणतात, आणि नव्या तिखटाला आपण जुन्या तिखटावरूनच नाव दिले. पण हे उत्तर शेतकऱ्याच्या कसोटीला उतरत नाही. मिरीचा वेल झाडावर चढतो. त्याला सावली, दमट हवा आणि दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो. त्याचे घर मलबारच्या डोंगरउतारावर. अरण हे माढा तालुक्यातले, सोलापूरच्या कोरड्या मुलखातले गाव. तिथे मिरी वाण्याच्या दुकानात मिळेल, मळ्यात नाही. आणि अभंग तर मळ्याचा आहे. शब्द दुरुस्त केला तरी पीक जुळत नाही.

मग उरते ते एवढेच, की निदान हा शब्द तरी पुढच्या कोणा गाणाऱ्याचा असावा. सावता महाराजांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते, पण ते टिकले मुख्यतः गळ्यावर. आज उपलब्ध असलेले अभंग चाळीसच्या आत आहेत. पिढ्यानपिढ्या दिंडीत चालणाऱ्या शेतकऱ्यांनी ते गायले. त्यांच्या मळ्यात मिरची आली, वाफ्यात रुजली, तोड्यामागून तोडा देऊ लागली, आणि एके दिवशी कोणाच्या नकळत अभंगातही शिरली.

इथे तुम्ही विचाराल, संतवचनात असा शब्द घालण्याचा अधिकार कोणाला? प्रश्न रास्त आहे. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत काळाच्या ओघात पाठभेद शिरले, तेव्हा नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ती शुद्ध केली आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावले. म्हणजे पाठाची चिकित्सा हे संप्रदायाबाहेरून आलेले खूळ नाही. ते नाथांच्या घरचे काम आहे. मात्र ज्ञानेश्वरी हा ग्रंथ आहे. त्यात सिद्धांत आहे, ओवीला ओवी जोडलेली आहे. तिथला शब्द हलला तर विचार हलतो. मळ्याच्या अभंगाची बांधणी निराळी आहे. समोरच्या वाफ्यात जे उगवले आहे त्यात देव पाहा, हाच त्याचा सिद्धांत. ज्या शेतकऱ्याच्या वाफ्यात मिरची होती त्याने मिरचीत देव पाहिला. शब्द त्याचा असेल, दृष्टी सावतोबांचीच आहे.

म्हणूनच या अभंगाचा खरा बिघाड मिरचीने होत नाही, तो आपल्या अर्थ लावण्याने होतो. कांद्याचे पापुद्रे म्हणजे मायेची आवरणे, मिरची म्हणजे क्रोध, अशी रूपके कोणी लावू लागला की भाजी नाहीशी होते आणि नुसते प्रवचन उरते. देव सापडायला कांद्याचा आधी वेदान्त करावा लागत असेल, तर सावतोबांनी वेगळे काय सांगितले? त्यांचा कांदा हा कांदाच आहे: मातीतला, उग्र वासाचा, खुरपून आणि पाणी देऊन वाढवलेला.

आणखी एक गोष्ट पाहा. कांदा आणि लसूण आपण चातुर्मासात वर्ज्य करतो, नैवेद्याच्या ताटात ठेवत नाही. सावतोबांनी नेमकी त्यांचीच नावे घेतली. याचा अर्थ नेम मोडा असा नाही. नेम जिभेला असतो, देवाला नाही, एवढे त्यातून कळते. आपण जे ताटातून वगळतो त्यातून देवही वगळला, असे होत नाही. आपल्या एकादशीचेच पाहा. शाबूकंदापासून होणारा साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे आणि खिचडीतली हिरवी मिरची, या सगळ्यांचे मूळ अमेरिकेत. सावतोबांच्या काळी यातले काहीही इथल्या फराळात नव्हते. परमुलखातून आलेली पिके आपण देवाच्या उपवासापर्यंत नेली आणि त्यांची जातकुळी विचारली नाही. मग अभंगातल्या एका मिरचीने आपण का अस्वस्थ व्हावे?

तेव्हा करायचे काय? गाताना मिरची राहू द्यावी, तिथे इतक्या पिढ्यांचा घाम आहे. गाथा छापताना मात्र तळाशी एक टीप द्यावी, की हे पीक महाराजांच्या नंतरचे आहे आणि शब्द पुढच्या काळातला असावा. आणि कीर्तनात उभे राहून, सातशे वर्षांपूर्वी अरणला मिरची पिकत होती, असे कोणी सांगू नये. संतांचा मोठेपणा खोट्या आधारावर उभा राहत नाही, आणि खऱ्याने तो ढळतही नाही.

सावतोबा पंढरीला गेले नाहीत असे म्हणतात, आणि पांडुरंगाची पालखी मात्र आजही पंढरपूरहून अरणला त्यांच्या भेटीला येते. देव मळ्यात येतो तो बियाण्याचा दाखला तपासायला येत नाही. तो राबणाऱ्याला भेटायला येतो. तुमच्या वाफ्यात या हंगामात जे उभे असेल, मग ती मिरची असो, टोमॅटो असो की मका, त्याच्याकडे एकदा त्या नजरेने पाहा. अभंग पाठ असण्याचा तेवढाच उपयोग.

रामकृष्ण हरी.