सहा वर्षांनंतर काय? एका दोन पानी पेपरचं वाचन

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न बहुतेक ठिकाणी येतोच: "तुमच्या विषयातला एखादा महत्त्वाचा पेपर सांगा, आणि त्यात काय कमी आहे तेही सांगा." पहिला अर्धा भाग सगळे पाठ करून जातात. दुसऱ्याला गाडी अडते, आणि घाईघाईत उत्तर येतं, "सर, सॅम्पल साइझ लहान आहे." मीही तेच दिलं होतं. म्हणून आज मुद्दाम असा पेपर घेतेय, ज्याचं सॅम्पल एक आहे. एक म्हणजे एकच मुलगी. तरी तो पेपर टिकला, आणि त्यात जे कमी आहे ते सॅम्पलमध्ये नाहीच.

ऑक्टोबर १९५३, 'द लॅन्सेट'. लेखक होर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातले. पेपर जेमतेम दोन पानांचा. विषय फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू. जन्मजात चयापचय विकारांचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, हा विकार पहिल्या काही पानांत भेटेल.

ज्यांचं जीवशास्त्र बारावीला सुटलं त्यांच्यासाठी थोडक्यात. आपण खातो त्या प्रथिनांत फेनिलअ‍ॅलानिन नावाचं अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं टायरोसिन बनवतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जनुक आला, तर हे एन्झाइम नीट काम करत नाही. फेनिलअ‍ॅलानिन रक्तात साचत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ जन्मतः अगदी नॉर्मल दिसतं. महिने जातात तसं लक्षात येतं की काहीतरी अडलंय.

हा विकार ओळखला नॉर्वेच्या आस्ब्यर्न फॉलिंग यांनी, १९३४ साली. दोन मतिमंद भावंडांची आई कित्येक डॉक्टर करून त्यांच्याकडे आली होती. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर रंग हिरवा झाला. पण निदान झालं म्हणजे उपचार मिळाला असं नव्हे. १९३४ ते १९५३ अशी जवळपास वीस वर्षं डॉक्टर आईवडिलांना फक्त नाव सांगू शकत होते. (या वीस वर्षांबद्दल वेगळं लिहायला हवं. निदान आहे आणि उपचार नाही, ही अवस्था आजही अनेक जन्मजात विकारांत आहे.)

आता पेपर. मुलगी दोन वर्षांची. उभी राहत नाही, चालत नाही, बोलत नाही. सतत कण्हणं, रडणं आणि डोकं आपटणं. बिकेल यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत या मुलीची आई पुन्हा पुन्हा येते. निदान मान्य, पण करणार काय, एवढंच ती रोज विचारत राहिली. पेपरच्या कोरड्या भाषेत तिचा हा हट्ट दिसत नाही, पण प्रयोग झाला तो त्यामुळेच.

उपाय असा: दुधातलं केसीन तोडून त्याची अमिनो आम्लं करायची, मग कोळशातून गाळून फेनिलअ‍ॅलानिन काढून टाकायचं. कोळशाबरोबर टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनही निघून जातात, ती वरून परत घालायची. लंडनच्या लुई वुल्फ यांच्या सल्ल्याचा यात मोठा वाटा होता. सुरुवातीला फेनिलअ‍ॅलानिन पूर्ण बंद केलं, तर मुलीचं वजन घटायला लागलं, कारण शरीराला ते थोडं लागतंच. मग रोज थोडं दूध देऊन मोजकं फेनिलअ‍ॅलानिन परत सुरू केलं. आणि पुढच्या काही महिन्यांत ती रांगायला लागली, उभी राहिली, खुर्चीवर चढायला लागली. रडणं आणि डोकं आपटणं थांबलं.

इथे थांबा आणि परीक्षक व्हा. मूल दोन वर्षांचं आहे. दहा महिन्यांत मुलं तशीही वाढतात. आई आशेने बघते आहे, तिला सुधारणा दिसणारच. रुग्णालयात लक्ष जास्त मिळतं. मग हा आहाराचा परिणाम कशावरून?

लेखकांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी काय केलं, तर आईला न सांगता मुलीच्या आहारात रोज पाच ग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन मिसळलं. बिघाड दिसायला फार वेळ लागला नाही. रडणं परत, डोकं आपटणं परत, दहा महिन्यांची कमाई काही दिवसांत गेली. नंतर आईच्या संमतीने हाच प्रकार रुग्णालयात पुन्हा केला.

मी हा पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी डिझाइनवर खूश झाले होते. द्या, काढा, पुन्हा द्या. एका माणसावर इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा "आईला न सांगता" या शब्दांपाशी अडकले. ही गोष्ट नीट बघा, कारण मुलाखतीत "हे अनैतिक होतं" एवढं म्हणून सुटता येत नाही. मापनाचं साधन इथे आईच आहे. मुलगी रडते का, उभी राहते का, हे तीच सांगते. तिला सांगितलं असतं तर तिचं सांगणं पुरावा म्हणून कच्चं ठरलं असतं. म्हणजे पेपरची ताकद आणि त्याचा दोष एकाच वाक्यात आहेत. न्यूरेंबर्ग संहिता १९४७ची, म्हणजे संमतीची कल्पना जगाला माहीत होती. मला वाटतं, दुसरा प्रयोग संमतीने करून तोच परिणाम मिळाला, याचा अर्थ पहिला लपवून करण्याची गरज लेखक समजले तेवढी नव्हती. रक्तातलं फेनिलअ‍ॅलानिन त्यांना मोजता येत होतं, आणि ते आईच्या आशेने खालीवर होत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल.

पण या पेपरवर माझी खरी तक्रार दुसरीच आहे. तो लहान मुलाची गोष्ट सांगतो आणि तिथेच संपतो. १९५३ साली दुसरं काय शक्य होतं, हे खरं. त्या दोन पानांत मोठं माणूस नाही याचा दोष लेखकांना देता येणार नाही. दोष येतो पुढच्या वीसेक वर्षांना. या काळात सगळ्या क्षेत्राने पीकेयू म्हणजे बालपणीचा विकार, अशीच व्याख्या करून टाकली.

पुढची पायरी रॉबर्ट गथ्री यांची. लघवीची तपासणी उशिरा कळवते, तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. गथ्रींनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवर चालणारी चाचणी आणली. टिपकागदावर वाळलेला थेंब, त्याचा छोटा गोल तुकडा, आणि खाली जिवाणूंची वाढ रोखणारं द्रव्य घातलेली बशी. रक्तात फेनिलअ‍ॅलानिन जास्त असेल तर त्या तुकड्याभोवती जिवाणू वाढतात. बस. एवढी स्वस्त आणि साधी, की प्रत्येक बाळाची करता येईल. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सने १९६३ साली ती सक्तीची केली. आज आपण जिला नवजात तपासणी म्हणतो तिची सुरुवात ही.

मुलं वेळेत सापडायला लागली. आहार पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हायला लागला. ही मुलं शाळेत जायला लागली, आणि मग प्रश्न आला, आहार किती वर्षं? तो आहार सोपा नाही. मांस, मासे, अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे जवळपास बंद. भाकरीसुद्धा मोजून. वर चवीला वाईट असं अमिनो आम्लांचं मिश्रण, रोज. तेव्हाचा तर्क असा, की मेंदूची मुख्य वाढ पाच-सहा वर्षांत होते, मग आहार सोडायला हरकत नाही. अनेक दवाखान्यांनी तसं केलं.

अमेरिकेत १९६७ साली सुरू झालेल्या मोठ्या सहयोगी अभ्यासात पुढे हाच प्रश्न घेतला. सहा वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एक आहार चालू ठेवणारा, दुसरा सोडणारा. कागदावर उत्तम डिझाइन. प्रत्यक्षात "चालू" गटातल्या कित्येक मुलांचा आहार घरी सुटलेलाच होता. त्यामुळे संशोधकांनी विश्लेषण बदललं आणि रक्तातली पातळी कोणत्या वयात हाताबाहेर गेली, त्यानुसार मुलं बघितली. १९८६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निष्कर्ष आले: ताबा जितक्या लवकर सुटला, तितका बुद्ध्यांक आणि वर्तन यांवर परिणाम जास्त.

निष्कर्ष मला पटतो. पण गट बदलला की रँडमायझेशनचं संरक्षण जातं, हे लक्षात ठेवा. ज्या घरात आहार दहा वर्षं टिकतो आणि ज्या घरात पाचव्या वर्षी सुटतो, ती घरं पैसा, वेळ, आईवडिलांचं शिक्षण यांतही वेगळी असू शकतात. इथे "सॅम्पल साइझ" म्हणणारा विद्यार्थी नापास आणि "कोण कुठल्या गटात का गेलं" विचारणारा पास.

दरम्यान, आहार सोडलेल्या मुली मोठ्या झाल्या. त्यांची लग्नं झाली, त्या गरोदर राहिल्या. त्यांच्या बाळांना पीकेयू असण्याचं कारण बहुधा नव्हतं, कारण बिघडलेला एकच जनुक आईकडून येतो. तरी बाळं लहान डोक्याची, मतिमंद, काही हृदयदोष असलेली जन्माला आली. आईच्या रक्तातलं फेनिलअ‍ॅलानिन वारेतून बाळाकडे जात होतं. १९८० साली लेन्के आणि लेव्ही यांनी ५२४ गर्भारपणांची माहिती एकत्र केली. ज्या आयांची पातळी सर्वांत जास्त होती, त्यांच्या बाळांपैकी ९२ टक्के मतिमंद आणि ७३ टक्के लहान डोक्याची होती. या आकड्यांतही बायस आहे, कारण बाळात दोष दिसला म्हणूनच काही आया सापडल्या होत्या. काहींना तर आपल्याला पीकेयू आहे हे तेव्हाच कळलं. बाळाच्या आजारातून आईचं निदान! टक्के थोडे फुगलेले असतील, पण दिशेबद्दल शंका उरत नाही.

बघा काय झालं ते. तपासणी यशस्वी झाली म्हणूनच ही दुसरी समस्या उभी राहिली. पहिल्या पिढीतल्या मुली उपचाराविना राहिल्या असत्या तर बहुतेक जणी संस्थांमध्येच असत्या. त्यांना बरं केलं, आणि मग सहाव्या वर्षी "झालं" म्हणून घरी पाठवलं. मोठ्या माणसांकडे लक्ष गेलं तेही पुन्हा बाळांमुळेच. आहार सोडलेल्या पुरुषांचं लक्ष विचलित होणं, चिंता, नैराश्य यांची नोंद घ्यायला आणखी वेळ गेला.

आज मत बदललंय, आहार आयुष्यभर. पण किती कडक? २०१४च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना सगळ्या वयांना रक्तातली पातळी १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये ठेवायला सांगतात. २०१७च्या युरोपियन सूचना बारा वर्षांवरच्यांना ६०० पर्यंत सूट देतात. उपलब्ध पुरावा जवळपास तोच, रेषा दोन. ही दोन्ही कागदपत्रं शेजारी ठेवून वाचा. दोन्हीकडचे तज्ज्ञ हुशार आहेत. फरक पडतो तो मोठ्यांवरचा दीर्घ अभ्यासच कमी असल्यामुळे, आणि जिथे डेटा विरळ असतो तिथे सावधगिरी की सोय, हे प्रत्येक समिती आपापलं ठरवते. औषधंही आली आहेत: अमेरिकेत २००७ साली सॅप्रोप्टेरिनला मान्यता मिळाली, २०१८ साली पेगव्हॅलिएजला, आणि हे दुसरं सुरुवातीला खास प्रौढांसाठीच. १९५३ पासून मोजलं तर ६५ वर्षं.

आपल्याकडचं बोलायचं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. जन्मजात दोष शोधणं हा त्याचा एक मुख्य भाग आहे, आणि त्याची मर्यादा शून्य ते अठरा वर्षं. बालकांचा कार्यक्रम आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण अठराव्या वाढदिवसानंतर तो मुलगा किंवा ती मुलगी कोणाच्या रजिस्टरमध्ये असते, हा प्रश्न कुणीतरी प्रबंधाचा विषय म्हणून घ्यावा असं मला फार वाटतं. (घेतलात तर कळवा.)

आणि बर्मिंगहॅमची ती मुलगी? पेपर तिला रांगताना, उभी राहताना सोडतो. घरची परिस्थिती पुढे बिघडली, आहार टिकला नाही, आणि तिचं मोठेपण संस्थांमध्ये गेलं. अनेक दशकांनी तिच्यावर एक पुस्तक लिहिलं गेलं, तेव्हा लोकांनी पहिल्यांदा तिच्या उरलेल्या आयुष्याबद्दल विचारलं. तोपर्यंत पाठ्यपुस्तकांत ती दोन वर्षांचीच होती.

हा पेपर मी आत्ता परत का काढला, तेही सांगते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये नवजात तपासणीत सापडलेल्या मुलांचा पाठपुरावा आहे, आणि वयाची अट मी लिहिली होती "० ते ६ वर्षे". गाईडनी समासात पेन्सिलने एकच शब्द लिहिला: "का?" मी म्हटलं, मॅडम, त्यानंतर फाइली मिळत नाहीत. त्या म्हणाल्या, मग तसं लिही, की मिळत नाहीत. "सहा" असं लिहू नकोस.

आता फॉर्ममधला वयाचा रकाना मोकळा ठेवलाय, आणि शेजारी एक नवा काढलाय: शेवटची भेट कधी, आणि त्यानंतर कुणी फोन केला होता का. आत्तापर्यंत भरलेल्या फॉर्मांपैकी बहुतेकांत या रकान्यात "नाही" आहे.