पाळी लावणारी नगरी आणि आपले पाऊस-साहित्य

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असे खान्देशात मानतात. बकासुराच्या वधाशी जवळच्या पद्मालयाचे नाव जोडले जाते. या कथेतला भीम सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्याआधीचा नगरीचा कारभार मात्र कोणी पाहत नाही. राक्षस हटणार नाही हे धरून चालून तिने त्याला अन्न आणि माणूस पाठवण्यासाठी घराघरांची पाळी लावली होती, आणि ती बिनबोभाट चालत होती. दैववादाला असा नीटनेटका कारभारही जमतो. बिघडत्या हवामानाबद्दल बोलणाऱ्या आजच्या मराठी कादंबरी-सिनेमात मला बहुतेकदा दोनच गोष्टी दिसतात: पाळी आलेल्या घराचा शोक, नाही तर भीमाची वाट. दोन्हींत नगरी हातावर हात ठेवून बसलेली असते.

आपला वारसा तर असा नव्हता. तेव्हाच्या एरंडोल तालुक्यातल्या धरणगावचे बालकवी आणि आसोद्याच्या बहिणाबाई हे जवळजवळ एकाच पिढीचे. बालकवींचा निसर्ग आपल्या वेळेला आपणहून येतो. त्या भरवशाला आता तडा गेला आहे. बहिणाबाईंच्या शेतात मात्र पेरणी, मळणी, उपणणी सगळे हातांनी होते आणि पिकाची हमी कोणीच देत नाही. तरी काम थांबत नाही. आशेचा अर्थ मी एवढाच घेतो, आणि त्यासाठी उद्याचे भाकीत चांगलेच असावे लागत नाही.

शोकाची बाजू आपल्याकडे भक्कम आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला पण नोकरी नसलेला एकनाथ शेतीत कसा कोंडला जातो हे सांगताना ती कादंबरी पावसावर सगळा दोष ढकलत नाही. बाजार, कर्ज आणि नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा, सगळ्यांचा हिशोब मांडते. नंतरच्या पुष्कळ लेखनात तो हिशोब गळाला आणि कोरडे आभाळ व दोर एवढेच उरले. दुसऱ्या बाजूला आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ (प्रदर्शन 2024). नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्यावरचा हा चित्रपट प्रामाणिक आहे, पण एका माणसाच्या जिद्दीला आणि त्याच्या लग्नाच्या गोष्टीला मध्यभागी ठेवले की गावाची भांडणे मागे सरकतात.

कोणी म्हणेल, शोक हाच खरा वास्तववाद. 2024 हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीहून दीड अंशाने जास्त तापले. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. वादळात केळीची खोडे घडांसकट आडवी होतात. बांध घालून हे थांबणार नाही, हे मान्यच. पण नुकसान अटळ असले तरी ते किती आणि कोणाचे, हे अटळ नसते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गेली काही दशके जंगल राखले ते नियम करून आणि तोडीला दंड लावून. तिथल्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा बातम्यांनी तिथेही एक भीमच शोधला. शेजाऱ्याला दंड ठोठावून दुसऱ्या दिवशी त्याच्याच बांधावरून जायचे, यातले अवघडलेपण कोणाला दिसले नाही.

बैठका, नियम, दंड यांत नाट्य कुठले, हा दुसरा आक्षेप. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (2009) त्याला उत्तर देऊन ठेवले आहे. शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येने धास्तावलेली बायको नवऱ्यावर पाळत ठेवते, आणि त्या पाळतीतून हसूही येते, धडकीही भरते. कंटाळवाण्या राखणीचे इतके चांगले नाट्य मराठी पडद्यावर क्वचितच झाले असेल.

खान्देशात असे कथानक पडूनच आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेले ते उन्हाने जितके, तितकेच उपशाने. जो शेतकरी वादळात घड गमावतो त्याचीच बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढते. त्याला बळी म्हणावे की राक्षस, हे ठरवण्याची घाई न करणारा कादंबरीकार या पट्ट्याला अजून मिळायचा आहे.