‘जॉन कंपनी’चा पट आणि वडगावचा डाव

पट मांडून खेळावयाच्या खेळाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकात यावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. त्यांचे वाटणे सर्वस्वी चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या कृतीत पात्रे आहेत, त्या पात्रांचे हेतू परस्परांस छेदतात आणि अखेरीस प्रत्येकाच्या वाट्यास जे येते ते त्याच्या करणीशी कोठेतरी जुळलेले असते, ती कृती कागदावर छापलेली असो वा पुठ्ठ्यावर, तिला टीकेच्या कसोटीस लावण्यास प्रत्यवाय नसावा. आपल्याकडे तर द्यूताच्या एका पटावरून सबंध महाभारत उभे राहिले आहे.

कोल वेर्ली ह्या अमेरिकन खेळकर्त्याचा ‘जॉन कंपनी’ हा खेळ प्रथम २०१७ साली निघाला. त्याची पुष्कळ बदललेली दुसरी आवृत्ती २०२२ साली आली. जॉन कंपनी म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडचे ‘कंपनी सरकार’. खेळाचा आरंभ १७१० च्या सुमारास होतो. सहापर्यंत भिडू बसतात. प्रत्येक भिडू म्हणजे इंग्लंडातील एक महत्त्वाकांक्षी घराणे. घराण्यातील मुले कंपनीत चिकटवायची. कोणी रायटर, कोणी फौजेतला अंमलदार, कोणी मुंबई, मद्रास किंवा बंगाल इलाख्याचा प्रेसिडेंट. आणि नशिबाने साथ दिली तर कोणी खुद्द चेअरमन. कंपनी सर्वांची एकच आहे. तिची तिजोरी एक, तिचे कर्ज एक. घराणी मात्र वेगवेगळी, आणि डाव जिंकावयाचा तो घराण्याने. कंपनी बुडाली तरी एखादे घराणे जिंकू शकते.

आमच्या येथील चारपाच मराठी सरकारी नोकरांच्या बैठकीत गेल्या पावसाळ्यात हा खेळ बऱ्याच शनिवारी रंगला. त्यात फासे कमी आणि वादविवाद फार. चेअरमनने कंपनीचे पैसे निरनिराळ्या खात्यांना वाटून द्यायचे आणि ज्याला मिळाले त्याने त्या पैशांतून फासे विकत घेऊन नशीब अजमावायचे, अशी मूळ योजना आहे. टाकलेल्या फाशांपैकी सर्वांत लहान दान तेवढे मोजावयाचे. एक किंवा दोन पडले तर यश. तीन किंवा चार पडले तर पैसे गेले एवढेच. पाच किंवा सहा पडले तर मात्र अनर्थ, आणि त्या अनर्थाबरोबर अधिकाऱ्याची खुर्चीही जाते. एकच फासा टाकला तर यश, अपयश आणि अनर्थ ह्या तिहींची शक्यता सारखीच. दोन फासे टाकले तर नवांपैकी पाच वेळा यश आणि एकदा अनर्थ. तीन टाकले तर अनर्थ सत्तावीसांत एकदाच येतो. म्हणजे धोका टाळता येत नाही, पण तो पैसे टाकून पातळ करता येतो. आणि हे पैसे फासे टाकणाऱ्याच्या खिशातले नसतात.

सारी मौज आणि सारे मर्म येथे आहे. आमच्यात हिशेबतपासणी खात्यातील एक गृहस्थ आहेत. ते चेअरमन झाले की दोन फाशांच्या वर कोणास छदाम देत नाहीत. ‘साहेब, एवढ्यावर कोणी मोहीम काढतो काय?’ असे मुंबईचा प्रेसिडेंट कळवळून म्हणतो. ‘मग काढू नका,’ असे उत्तर येते. त्यावर मुंबईकर मद्रासकराच्या कानाशी लागतो, पुढच्या फेरीत तुमच्या भाच्याला फौजेत घेतो म्हणतो, आणि पाहता पाहता चेअरमन एकटे पडतात. पटावर ‘मराठा’ असे नाव छापलेला एक प्रांत आहे. त्याच्यावर चालून जाण्यासाठी साताऱ्याकडील एक सद्‌गृहस्थ कलकत्त्यात बसून तावातावाने पैसे मागत असतात, ह्यातील विनोद प्रथमच्या शनिवारी सर्वांच्या ध्यानात आला. दुसऱ्या शनिवारी कोणाच्याच आला नाही. बागबाजारात अद्याप मराठा डिच लेन ह्या नावाची गल्ली आहे. बारगिरांच्या भयाने ह्या शहराने १७४२ साली खंदक खणावयास घेतला, त्याची ती खूण.

ह्या कृतीचा मोठा गुण असा की ती कंपनीस राक्षस म्हणून रंगवीत नाही आणि शूरांची टोळी म्हणूनही रंगवीत नाही. तेथे आहेत ती संसारी माणसे. मुलाला नोकरी लागावी, त्याने चार पैसे मिळवून परत यावे, गावाकडे जमीनजुमला घ्यावा, एवढेच त्यांचे मागणे. थॅकरे ह्याच कलकत्त्यात १८११ साली जन्मला. त्याच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधला, हिंदुस्थानात कलेक्टरी करून सुटलेला जॉस सेडली ज्यांनी वाचला असेल त्यांना हे कुटुंबवत्सल साम्राज्य ओळखीचे वाटेल. अठराव्या शतकाच्या आरंभी रायटरला वर्षाला पाच पौंड पगार असे. उरलेले तो खासगी व्यापारातून मिळवी आणि कंपनी तिकडे काणाडोळा करी. खेळात हे अगदी थोड्या नियमांत आले आहे: प्रेसिडेंटच्या फाशाने व्यापार साधला की कंपनीला नफा होतो, पण त्या व्यापारावर ज्याचा रायटर बसला असेल त्याच्या घरीही पैसा जातो. म्हणून व्यापाराचा मार्ग निवडताना कंपनीचे हित काय हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो आणि आपला मुलगा कोठे आहे ह्या प्रश्नाचे उत्तर मनात दिले जाते. सरकारी कचेरीत ज्याने दहा वर्षे टिपणे लिहिली आहेत, त्याला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

येथवर स्तुती झाली. आता ज्या ठिकाणी हा खेळ मला अपुरा वाटतो तेथे येतो. त्यासाठी कल्पित उदाहरण नको. मुंबई, कलकत्ता आणि पुणे ह्या तिन्हींना गुंतविणारे खरे प्रकरण आपल्याच इतिहासात आहे.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ च्या ऑगस्टात झाला. बारभाईंनी रघुनाथरावांस बाहेर काढले. मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी व वसईवर फार दिवसांचा होता. त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७७५ च्या मार्चात रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला: अडीच हजार फौज आम्ही देतो, तिच्या खर्चाला दरमहा दीड लाख रुपये तुम्ही द्या, शिवाय साष्टी व वसई द्या. हा निर्णय फक्त मुंबईचा होता. रेग्युलेटिंग अॅक्टाने युद्ध आणि तह ह्या बाबतींत मुंबईस बंगालच्या हाताखाली घातले होते. कलकत्त्याच्या कौन्सिलाने तह गैरशिस्त, अन्याय्य आणि अधिकाराबाहेरचा ठरविला, कर्नल अप्टनला पुण्यास धाडले आणि १७७६ च्या मार्चात पुरंदरचा तह केला. तेवढ्यात लंडनहून डायरेक्टरांचे पत्र आले, ते सुरतेच्या तहास अनुकूल! मुंबईकरांच्या अंगात पुन्हा बळ संचारले. पुढे पुण्यात सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस येऊन राहिला. मॉन्सन व क्लॅव्हरिंग हे दोघे मरण पावले होते. आणि हेस्टिंग्जने फ्रान्सिसचा विरोध डावलून, स्वतःच्या जादा मताच्या जोरावर, १७७८ साली बंगालची फौज जमिनीवरून मुंबईकडे रवाना केली.

आता हे प्रकरण पटावर मांडून पाहावे. पटावर सारे एकाच टेबलाशी बसतात. बोलणे, उत्तर आणि फासा ह्यांत पाच मिनिटांचे अंतर. प्रत्यक्षात ते टेबल सहा महिने लांब होते. मुंबईने डाव टाकला, कलकत्त्याने तो उचलला, आणि लंडनने ‘शाबास’ म्हटले तेव्हा मूळ डाव मोडलेला होता. कोणाचा निर्णय खरा हेच कित्येक महिने ठरत नसे, आणि ह्या फटीत मुंबईकरांचे धाडस वाढले. हा दोष मी फार मोठा समजत नाही. टपालाची दिरंगाई खेळात आणली असती तर खेळ नीरस झाला असता.

दुसरा दोष आमच्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळे मला अधिक जाणवतो. त्या कौन्सिलांत प्रत्येक मत लिहून ठेवीत. फ्रान्सिसची विरोधी टिपणे हेस्टिंग्जच्या टिपणांशेजारी दप्तरात गेली, त्यांच्या नकला रायटरांनी काढल्या, त्या जहाजाने लंडनला गेल्या आणि पुढे माणसांवर उलटल्या. ह्या दोघांचे वैर इतके विकोपास गेले की १७८० च्या ऑगस्टात अलीपुरात त्यांनी एकमेकांवर पिस्तुले झाडली. त्या बाजूस ड्युएल अॅव्हेन्यू ह्या नावाचा रस्ता आहे. आमच्या बैठकीत मात्र गेल्या फेरीत कोण काय म्हणाले हे कोणी सांगत नाही. मोहीम फसली की चौघेही ‘मी तर आधीच म्हटले होते’ म्हणतात, आणि हे खोडून काढावयास कागद नसतो. वेर्लींनी वचनांना पटावर जागा दिली आहे. भिन्नमताला दिलेली नाही. ज्या वादविवादाची नोंद राहत नाही त्यात माणूस फार सैल बोलतो.

पण खरा आक्षेप ह्याहून गंभीर आहे.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून सुमारे चार हजारांची फौज रघुनाथरावांस घेऊन निघाली. तिच्यावर एक सेनापती नव्हता, त्रिसदस्य समिती होती: कार्नॅक, इगर्टन आणि मॉस्टिन. युद्धभूमीवरही बहुमत! मॉस्टिन आजारी पडून परतला व मेला. घाट चढून आल्यावर फौजेची चाल गोगलगायीची झाली. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी ज्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून शत्रू असूनही वाखाणले, तोच हा. फौज तळेगावास पोहोचली तो गाव जाळून ओसाड केलेले. अठरा मैलांवर पुणे असता समितीने परत फिरण्याचे ठरविले, जड तोफा तळ्यात ढकलल्या, आणि वडगावास वेढली जाऊन १६ जानेवारीस तिने शरणागतीचा करार लिहून दिला. कार्नॅक, इगर्टन आणि कॉकबर्न ह्यांस पुढे कंपनीने नोकरीतून काढले. म्हणजे नियमाप्रमाणे पाच-सहाचे दान पडले आणि खुर्च्या गेल्या! खेळकर्त्याच्या सूक्ष्म दृष्टीचा ह्याहून चांगला दाखला मिळणार नाही.

परंतु ते दान पडले का? मुंबईकरांचा सारा हिशेब असा होता की पुण्यात फूट आहे. मोरोबा फडणीस रघुनाथरावांकडे वळले आहेत, होळकर डळमळीत आहेत. आपण घाट चढलो की अर्धे पुणे आपणांस येऊन मिळेल. हा हिशेब करताना तो सर्वस्वी खोटा नव्हता. पण फौज निघण्याच्या आधीच नाना फडणिसांनी मोरोबांस कैदेत टाकले होते आणि महादजी शिंद्यांनी तुकोजी होळकरांस सावरून घेतले होते. पुण्यातही एक मसलत बसली होती. तेथेही वाद, लाच, वचने आणि शंका होत्या. त्या मसलतीत नाना आणि महादजी ह्यांचे पुरते पटत होते असे नाही, तरी एवढ्यापुरते पटले. वडगावचे दान मुंबईच्या फाशावर पडलेले नसून पुण्याच्या बैठकीत ठरलेले होते.

‘जॉन कंपनी’त ती बैठक नाही. हिंदुस्थानचे प्रांत तेथे आहेत, त्यांना बळ आहे, ते एकमेकांवर चाल करतात, बंड करतात; पण त्यांच्या बाजूने बोलावयास कोणी बसलेला नाही. त्यांचे सारे वर्तन पानांवर आणि फाशांवर सोपविलेले आहे. कर्त्याने हे जाणून केले असावे: कंपनीच्या माणसाला हिंदुस्थान असाच दिसे, एक लहरी हवामान म्हणून, तेव्हा खेळणाऱ्यालाही तो तसाच दिसावा. हे समर्थन मला पटते, पण अर्धेच. कादंबरीकार दुष्ट निवेदक योजतो तेव्हा त्या निवेदकाच्या पाठीमागून आपणांस अधिक काही दिसावे अशी तजवीजही तो करतो. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’वर सत्यजित राय ह्यांनी १९७७ साली चित्रपट केला. त्यात पटावर मान घालून बसलेल्या दोन सरदारांची कथा सांगताना त्यांनी जनरल औट्रमची कचेरी आणि वाजिद अली शाहाचा दरबार ही दोन्ही दाखविली. म्हणून पटाचा आंधळेपणा आपणांस आंधळेपणा म्हणून कळतो. वेर्लींच्या पटावर तो हवामान म्हणूनच राहतो. आमचे साताऱ्याचे गृहस्थ मोहीम फसल्यावर हळहळतात ते फाशाला दोष देऊन. पलीकडे कोणी शहाणा बसला होता ही शंकाही त्यांस शिवत नाही. मराठी माणसाने हा खेळ खेळून नाना फडणिसांस विसरावे, हे मला खटकते. आधीच आमच्या रंगभूमीने १९७२ सालच्या ‘घाशीराम’पासून नानांस एका विशिष्ट रूपात पक्के केले आहे. निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले ह्यांस इंग्रजांविरुद्ध एका सूत्रात ओवणारा नाना ना पटावर, ना पडद्यामागे.

त्या जुटीतील नागपूरकरांची फौज बंगालवर यावयाची, ती कटकेस येऊन थबकली. हेस्टिंग्जने तिला पैसे मोजून थोपविले. कलकत्त्यासाठी हे फासे महाग पडले, तरी दान यशाचे पडले. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह झाला. वसई परत गेली, साष्टी कंपनीकडे राहिली, रघुनाथरावांस दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक झाली. गुण मोजावयाचे तर कोण जिंकले, हे सांगणे आमच्या हिशेबतपासनिसांसही कठीण गेले.

खेळात पैसा संपला की कर्ज काढावे. पेटीतील नाणी पटावर येतात. मुंबईची तूट बंगाल भरून काढी, आणि फ्रेंच व मराठे ह्या दोन्ही युद्धांनी बंगालची तिजोरी रिकामी झाली तेव्हा पेटी कोणती उघडावी हा प्रश्न हेस्टिंग्जपुढे आला. त्याने काशीच्या चेतसिंग राजाकडे ठरलेल्या खंडणीवर सालिना पाच लाख जादा मागितले होतेच. १७८१ साली तो स्वतः तेथे गेला, राजास कैद केले, शहर उठले आणि त्याला रातोरात चुनारला पळावे लागले. पुढच्या वर्षी फैजाबादेस अयोध्येच्या बेगमांचा खजिना घेतला. ‘जॉन कंपनी’च्या पटावर ह्या दोन घरांना जागा मिळालेली नाही. तिसरी आवृत्ती निघालीच, तर पेटीच्या झाकणावर निदान ही दोन नावे छापावीत.